पाणी भरायला आलेल्या

मागच्या मे महिन्यात माझं रोजचं एक काम ठरलेलं होतं. सकाळी साडेसहाला उठायचं, हॉलच्या खिडकीतला कूलर बंद करायचा आणि ओल्या ताट्यांवर बसलेल्या मधमाश्यांवर स्प्रे मारायचा. वाळ्याच्या त्या ताट्यांवर सकाळी सकाळी दहा-पंधरा तरी बसलेल्या असायच्या, डोकं खाली घालून, अगदी स्थिर. स्प्रे मारला की टपाटप खाली पडायच्या, थोडा वेळ गोल गोल फिरायच्या, मग थांबायच्या. मी त्या झाडूनं गोळा करायचे आणि डस्टबिनमध्ये टाकायचे. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला आदल्या वर्षी एक चावली होती आणि हात कोपरापर्यंत सुजला होता, त्यामुळे मला हे करताना कधी काही वाटलं नाही. घरात झुरळ निघालं तर आपण काय करतो, तसंच ते.

ज्यांनी नागपूरचा मे काढला आहे त्यांना कूलर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि टाकीत पाणी संपलं की पाच मिनिटांत घराची भट्टी होते. त्या दिवसांत आपल्याला स्वतःच्या जिवापलीकडे काही सुचत नाही हेही खरं.

हे सगळं आठवायचं कारण या फेब्रुवारीतला एक रविवार. आईला काढ्यात घालायला 'खरा मध' हवा होता, दुकानातल्या बाटलीवर तिचा विश्वास उरलेला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की कळमेश्वरच्या पुढे एका बगिच्यात एक जण पेट्या ठेवतात, समोर काढून देतात. मग आई, मुलगा आणि मी सकाळीच निघालो. काटोल रोडनं फेटरी मागे पडली, कळमेश्वर गेलं, आणि मग एका वळणावर कारच्या काचा खाली केल्या तर तो वास आला. संत्र्याला आंबिया बहार आला होता. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना कळेल, बाकीच्यांना कसं सांगू, मोगऱ्यात थोडी लिंबाची साल चोळल्यासारखा, पण त्याहून हलका. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, काही बोलली नाही कितीतरी वेळ.

पेटीवाले दादा पन्नाशीचे असतील, पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी मागे सारलेली. नमस्कार-चमत्कार झाले आणि पेट्यांकडे निघणार तेवढ्यात त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "केळं कोनं खाल्लं?" कारमध्ये खाल्लं होतं त्यानं. "साबनानं हात-तोंड धुऊन या आधी." मला वाटलं स्वच्छतेसाठी सांगून राहिले, पण तसं नव्हतं. माशी डंख मारते तेव्हा धोक्याचा इशारा म्हणून एक वास सोडते, तो वास घेऊन बाकीच्याही धावून येतात, आणि त्या वासातला मुख्य भाग पिकलेल्या केळ्याच्या वासाशी जुळतो. म्हणून पेट्यांजवळ जाताना केळं खायचं नाही, अत्तर लावायचं नाही, काळे कपडे घालायचे नाहीत. मुलगा तर इतका घाबरला की त्यानं तीनदा चूळ भरली.

बांधाच्या कडेनं पेट्या ओळीत ठेवल्या होत्या, विटांवर, सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे. ही माशी मेलिफेरा, मूळची आपल्याकडची नाही, १९६२ मध्ये हिमाचलच्या नगरोटा बगवानला ती भारतात स्थिरावली आणि तिथून सगळीकडे गेली. आपली देशी पेटीतली माशी म्हणजे सातेरी. झुडपात तळहाताएवढं छोटंसं पोळं करते ती फुलोरी. आणि उंच झाडांवर, पाण्याच्या टाकीखाली, मोठ्या बिल्डिंगच्या छज्ज्याला सुपाएवढं लटकतं ते आग्या मोहोळ, ते पेटीत राहतच नाही, त्याला उघडंच लागतं. दादा हे सगळं एका हाताच्या बोटांवर मोजत सांगत होते आणि दुसऱ्या हातानं धुराडं पेटवत होते. आत गोणपाटाचा तुकडा आणि गोवरीचा चुरा. दोन-तीन फुंका दाराशी, मग झाकण किंचित उचलून आत. धूर आला की माशीला वाटतं आग लागली, घर सोडावं लागेल, मग ती आधी पोटभर मध भरून घेते, आणि त्या गडबडीत, त्या धुरात तो केळ्याचा वासही एकमेकींपर्यंत नीट पोचत नाही.

मग त्यांनी एक चौकट उचलली. मी टोपीच्या जाळीतून पाहत होते, जाळीच्या आत माझाच श्वास गरम होऊन राहिला होता, आणि कानाशी तो आवाज, एकसारखा, घरात मिक्सर दूर कुठेतरी चालू असावा तसा. चौकटीच्या मधोमध पिल्लांची बंद घरं होती, त्यावर खाकी रंगाची झाकणं, थोडी फुगीर. त्याच्याभोवती परागाचा पट्टा, एक कप्पा पिवळा, एक केशरी, एक जवळजवळ राखाडी, म्हणजे वेगवेगळ्या फुलांवरून आणलेला. वरच्या कडेला मध. आणि पाहता पाहता त्या खाकी झाकणांपैकी एक आतून कुरतडलं गेलं. आधी दोन मिशा बाहेर आल्या. मग डोकं. मग ती अडकली, मागे सरकली, पुन्हा पुढे आली, आणि एकदाची बाहेर पडली, ओलसर, फिकट, अंगावर बारीक लव, चालता न येणारी. आजूबाजूच्या कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही, एक तर तिच्या डोक्यावरून चालत गेली. अंडं घातल्यापासून २१ दिवसांनी कामकरी माशी बाहेर येते. राणी १६ दिवसांत, नर २४. राणीचं अंडं काही वेगळं नसतं, तिला शेवटपर्यंत राजान्न, म्हणजे रॉयल जेली, मिळतं आणि बाकीच्यांना सुरुवातीचे थोडे दिवस, एवढ्यावर कोण राणी होणार हे ठरतं.

"आता ही काय करन माहीत हाय?" दादा म्हणाले. "ज्या घरातून निघाली थेच घर साफ करन."

आणि खरंच तसंच असतं. पहिले काही दिवस साफसफाई, मग पिल्लांना खाऊ घालणं, मग पोटातून मेण काढून पोळं बांधणं, आलेला मकरंद ताब्यात घेणं, मग दारावर पहारा. बाहेर उडायचं काम सगळ्यात शेवटी, साधारण तीन आठवडे घरात राबल्यावर. फुलोऱ्याच्या दिवसांत कामकरीचं सगळं आयुष्यच सहा आठवड्यांच्या आसपास, तेव्हा बागेत, रस्त्यावर, कुठेही आपल्याला जी माशी दिसते ती तिच्या शेवटच्या दिवसांतली असते. तरुण असतात त्या आत. मला हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं फुलांवर मधमाश्या पाहते आणि प्रत्येक वेळी पाहिली ती म्हातारीच, हे मला त्या बांधावर उभं राहून कळलं.

त्याच चौकटीवर एक माशी वेड्यासारखी थरथरत होती. सरळ थोडं चालायची, चालताना मागचा भाग जोरात हलवायची, मग वळून परत सुरुवातीला, पुन्हा तेच. तीन-चार जणी तिच्या अगदी अंगाला चिकटून मागे मागे. हा तो नाच. पोळं उभं असतं, आत अंधार असतो, म्हणून त्यांनी ठरवलेलं आहे की वर म्हणजे सूर्याची दिशा. ती उभ्या रेषेपासून जितकी तिरपी चालेल तितकंच तिरपं सूर्यापासून उडायचं, आणि जितका जास्त वेळ थरथरेल तितकं लांब. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या माणसानं आयुष्य घालून हे वाचायला शिकून घेतलं आणि त्याला १९७३ चं नोबेल मिळालं. मुलानं विचारलं की ही आत्ता कुठला पत्ता सांगून राहिली, तर दादांनी आकाशाकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं आणि हात केला, "त्या तिकडं, नाल्यापलीकडं. सांबाराचं वावर हाय तिथं." सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, बाहेरच्यांसाठी सांगते. बियाण्यासाठी ठेवलेल्या सांबाराला त्या दिवसांत पांढरी फुलं येतात. म्हणजे संत्र्याचा बगिचा अंगणात असून ह्या बाई दुसरीकडचा पत्ता वाटत होत्या. म्हणूनच दादा बाटलीवर 'संत्र्याचा मध' लिहीत नाहीत. माशी सहज दोन-तीन किलोमीटर जाते, ती कुठे कुठे गेली हे आपण कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं, आणि मला तो माणूस तिथेच आवडला.

मध काढताना त्यांनी आम्हाला शेडमध्ये नेलं. पेटीच्या वरच्या मजल्यातल्याच चौकटी काढतात, खाली पिल्लं असतात, मध्ये राणीला वर येऊ न देणारी जाळी. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीनं मेणाचं झाकण सोललं, पातळ पापुद्रा निघाला, आणि खाली मध चमकला. चौकटी यंत्रात उभ्या केल्या, हँडल मुलाकडे दिलं. तो फिरवत गेला तशी पिंपाच्या आतल्या बाजूवर बारीक थेंबांची शिंपण ऐकू यायला लागली, पत्र्यावर पाऊस सुरू होतो तशी, आणि मग खालच्या तोटीतून एक धार आली, न तुटणारी, फिकट सोनेरी. आईनं बोट पुढे केलं. चाटलं. आणि म्हणाली, "हा तर वासच खाऊन राहिले मी."

एक चौकट दादांनी बाजूला ठेवली, काढली नाही. तिच्यात अर्ध्या कप्प्यांवर झाकण नव्हतं. कच्चा आहे म्हणाले. फुलातून येतो तो मकरंद, त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, ७०-८० टक्केसुद्धा. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत राहतात, त्यात त्यांच्या पोटातले रस मिसळतात, साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग थेंब थेंब कप्प्यांत पसरून ठेवतात आणि रात्रभर पंखांनी वारा घालतात. पाणी २० टक्क्यांच्या खाली उतरलं की झाकण. त्याआधी काढला तर तो आंबतो. त्यांच्याकडे दुर्बिणीसारखी एक छोटी नळी होती, काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे पाहायचं, आतल्या रेषेवर आकडा दिसतो, आमचा साडेअठरा होता. एक माशी तिच्या सगळ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा बारावा हिस्सा मध करते. आईनं लगेच हिशोब केला, "म्हणजे माझ्या रोजच्या काढ्यात बारा जणींचा जन्म."

मी सहज विचारलं की मग उन्हाळ्यात काय, आपल्याकडे एवढं तापतं, मेण वितळत नाही का?

"मऊ पडते ना. चाळीसच्या वर गेलं का पोळंच खाली येते. अन् पिल्लाले पस्तीसच्या वर झेपत नाही." मग ते पंख्यासारखा हात हलवत म्हणाले, "मंग ह्या पानी आनतात. थेंब थेंब करून कप्प्याच्या तोंडाशी लावतात, अन् दाराशी रांगेत उभ्या राहून वारा घालतात. आपला कूलरच हाय थो, ताई. हिवाळ्यात मधातलं पानी बाहेर काढाले वारा, उन्हाळ्यात पानी आत आनून वारा."

मी विचारलं, पाणी कुठून आणतात.

"जिथं ओलं दिसन तिथून. नळ, डबकं. शहरात तर तुमच्या कूलरवरून."

आता इथे मी खूप वेळ काही बोलले नाही असं लिहिलं तर खोटं होईल, मी लगेच बोलले. मी त्यांना सगळं सांगितलं. साडेसहाचं, स्प्रेचं, झाडूचं. का सांगितलं माहीत नाही, सांगितल्याशिवाय तिथे उभं राहवेना. त्या ताट्यांवर डोकं खाली घालून स्थिर बसायच्या ना, त्या पाणी पीत नव्हत्या, भरत होत्या. घरी पिल्लं तापत होती. आणि मी ज्या हॉलमध्ये माझं मूल गारव्याला झोपावं म्हणून कूलर लावत होते त्याच कूलरवर त्या त्याच कामासाठी आल्या होत्या. शेवटच्या दिवसांतल्या म्हाताऱ्या.

आई वर्ध्याची, तिनं लहानपणी विहिरीवरून पाणी आणलंय. ती म्हणाली, "म्हातारीलेच पाण्याले पाठवतात होय." आणि बस, पुढे काही नाही बोलली.

दादांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. माहीत नसते, म्हणाले. उलट स्वतःचंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बाजूच्या एका बगिच्यात ऐन फुलोऱ्यात, भर दुपारी फवारणी झाली. संध्याकाळी पेट्यांसमोर माश्यांचा थर, काही अजून हलत होत्या, जीभ बाहेर आलेली. फवारायचं तर सूर्य बुडाल्यावर फवारा, माशी घरी असते, एवढंच मागणं असतं त्यांचं शेतकऱ्यांकडे. फुलोरा असताना टाळता आलं तर फारच बरं. आणि फवारा अंगावर घेऊन जी घरी पोचते ती तो घरात नेते, हे ऐकल्यावर मला माझा स्प्रे पुन्हा आठवला, कारण सगळ्याच काही खाली पडायच्या नाहीत, काही उडून जायच्या.

आमच्या बिल्डिंगच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं होतं तेही मी सांगितलं. सगळ्यांनी वर्गणी काढली, मीही दोनशे रुपये दिले, रात्री एक जण आला, टेंभ्यानं जाळलं, सकाळी पार्किंगमध्ये काळा सडा आणि त्यात चिकट मध. आग्याला भिऊ नये असं मी म्हणणार नाही, ते उठलं तर माणूस मरू शकतो. पण जाळायचीच गरज असते असं नाही. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका कोपऱ्यात जाड गड्डा करून असतो, खाली सगळी पिल्लं. अंगभर पोशाख घालून, धूर देऊन, फक्त तो मधाचा भाग कापायचा आणि पोळं तसंच राहू द्यायचं, ही पद्धत आपल्या विदर्भातच शिकवली गेलीय, वर्ध्याजवळ दत्तापूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमधून, जंगलात मध काढणाऱ्यांना. पूर्वी सगळं पोळं जाळून, पिळून मध घ्यायचे, त्यात अळ्यांचा रसही यायचा.

वर्ध्याचं नाव निघाल्यावर आई खुलली. परतताना कारमध्ये तिचं मगनवाडी सुरू झालं. गांधीजींनी १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो तिथे, त्यांचे अर्थतज्ज्ञ सहकारी कुमारप्पा तिथेच राहायचे, आणि तेलघाणी, हातकागद यांच्या बरोबरीनं मधमाश्या पाळणंही त्यांच्या ग्रामोद्योगांत होतं. शाळेतून मगन संग्रहालय पाहायला नेलं तेव्हा तिथे एक रिकामी पेटी ठेवलेली होती म्हणे, आणि तिच्या मैत्रिणीनं ती पेटी म्हणजे पोस्टाचा डबा समजून चिठ्ठी टाकली होती. आई हसत होती. मी ऐकत होते, पण माझं लक्ष मांडीवरच्या बाटल्यांकडे होतं.

मधाबद्दल दोन गोष्टी सांगून टाकते कारण सगळे तेच विचारतात. पाण्यात टाकून बघा, काडी पेटवून बघा, कुत्रा खातो का बघा, यातलं काही खरं नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त ३. प्रयोगशाळेच्या साध्या चाचण्याही चुकवेल असा साखरेचा पाक बनतो, तिथे आपल्या काडीपेटीचं काय. आणि मध थिजला, खाली रवाळ बसला, तर तो साखर घातलेलाच असतो असं नाही, ते मधातल्या ग्लुकोजचे खडे असतात, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो, गॅसवर चढवू नका. दादा पावसाळ्यात फुलं नसताना पेट्यांना साखरेचं पाणी देतात हेही त्यांनी न विचारता सांगितलं, नाहीतर माश्या उपाशी मरतात, पण त्या काळात मध काढत नाहीत. आणखी एक, त्यांनी बाटली देताना आवर्जून विचारलं, घरात वर्षाच्या आतलं बाळ नाही ना? मधात कधीकधी असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्या बाळाला जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे तर बारशाच्या आधीच सोनं उगाळून मधातून चाटवतात. माझ्या मुलालाही चाटवला होता. आई गप्प बसली, मग म्हणाली, पुढच्यांना सांगू.

मार्चच्या शेवटी कूलर माळ्यावरून उतरवला, नव्या ताट्या लावल्या. गॅलरीत जुनी पितळी परात ठेवली, त्यात गोटे, गोट्यांवर ओलं गोणपाट, म्हणजे माशी बुडणार नाही. आठ दिवस एकही आली नाही. सगळ्या कूलरवरच. दादांना फोन केला तर म्हणाले, एकदा पाण्याची जागा ठरली की ती सोडत नाही, कूलर सुरू व्हायच्या आधी ठेवायचं होतं, आता परातीत चिमूटभर मीठ टाका आणि थोडी माती, तिला चकचकीत पाणी आवडत नाही. टाकलं. कूलर मी सकाळी सहा ते आठ बंद ठेवते, खिडकीला आतून जाळी बसवली आहे, ताट्यांवरच्यांना काहीच करत नाही.

परवा सकाळी परातीवर एक होती. पंखांच्या कडा झिजलेल्या, फाटल्यासारख्या. गोणपाटाच्या धाग्यात सोंड घालून बसली होती, पोट आत-बाहेर होत होतं. मी मुलाला हाक मारली नाही, हललेच नाही. मिनिटभर लागला तिला. मग जड झाल्यासारखी उठली, परातीवर एक गिरकी घेतली, पार्किंगवरून, कडुनिंबावरून, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीच्याही वरून सरळ रेषेत गेली. मी तिच्या मागे जिन्यानं गच्चीवर गेले, पण तोवर दिसेनाशी झाली होती. त्या दिशेला रेल्वेलाइन आहे आणि तिच्यापलीकडे जुनी वडाची झाडं. खाली आले तर परातीवर दोघी बसल्या होत्या.